टेनिसमधलं डोपिंग, बंदी आणि 'मोठ्यांना वेगळा न्याय' : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ह्या विषयावर इतक्या जणांनी मला तेच तेच विचारलंय की म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवू, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवायचं. मी वकील नाही, डॉक्टर नाही, वीसेक वर्षं टेनिस बघणारा माणूस आहे आणि ह्या केसेसचे निकाल वाचायचा नाद आहे, बस.

सिनरचं नक्की काय झालं होतं, थोडक्यात सांग ना?

थोडक्यात जमणार नाही पण बघतो. (नाशिकचे आमचे एक काका त्याला कायम 'आपला सिन्नरकर' म्हणतात, ते सोडा.) मार्च २०२४, अमेरिकेत इंडियन वेल्सची स्पर्धा. १० मार्चला इटलीच्या यानिक सिनरचं लघवीचं सॅम्पल घेतलं, त्यात क्लोस्टेबॉल सापडलं. १८ मार्चला पुन्हा घेतलं, त्यातही सापडलं. क्लोस्टेबॉल म्हणजे ॲनाबॉलिक स्टेरॉइड, स्नायू वाढवणाऱ्या औषधांच्या खानदानातलं, बंदीच्या यादीत एकदम वरचं.

त्याचं म्हणणं असं, की त्याचा फिटनेस कोच उंबेर्तो फेरारा ह्यानं इटलीत ट्रोफोडर्मिन नावाचा स्प्रे घेतला होता, जखमेवर मारायचा, तिथे मेडिकलमध्ये बिनचिठ्ठीचा मिळतो. फिजिओ जाकोमो नाल्दीचं बोट कापलं, त्यानं तोच स्प्रे रोज बोटावर मारला आणि त्याच हातांनी, ग्लोव्ह्ज न घालता, सिनरला मसाज केला. सिनरच्या त्वचेवर बारीक जखमा होत्या, त्यातून ते आत गेलं. ऐकायला सिरियलमधलं कथानक वाटतं, मलाही वाटलं होतं, पण शास्त्रज्ञांना विचारलं तर त्यांनी हे शक्य आहे आणि सापडलेल्या आकड्यांशी जुळतंय असं सांगितलं. स्वतंत्र ट्रायब्युनलनं ऑगस्ट २०२४ मध्ये निकाल दिला की खेळाडूची चूक नाही, निष्काळजीपणाही नाही. फक्त इंडियन वेल्सचे ४०० पॉइंट आणि ३ लाख २५ हजार डॉलर गेले. त्यानं फिजिओ आणि कोच दोघांनाही नारळ दिला आणि सप्टेंबरमध्ये यूएस ओपन जिंकली.

इथे गोष्ट संपली असती. पण सप्टेंबरअखेर वाडानं (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, शनिवारवाडा नव्हे) अपील केलं, एक ते दोन वर्षं बंदी मागितली, आणि मग १५ फेब्रुवारी २०२५ ला अचानक तडजोड, तीन महिने. ९ फेब्रुवारी ते ४ मे.

पण चूक फिजिओची, शिक्षा खेळाडूला का?

कारण नियमच तसा आहे. तुझ्या शरीरात जे सापडेल त्याला तू जबाबदार, ते कसं आलं, कोणी आणलं, मुद्दाम की चुकून, हे सगळं नंतर. शाळेत वर्गात मोबाइल सापडला की 'माझा नाही सर' म्हणून चालत नाही, ज्याच्या दप्तरात सापडला तो उभा राहतो, तसंच. हे कठोर आहे हे खरं, पण उलटं केलं तर काय होईल विचार करा, मग संस्थेला प्रत्येक वेळी सिद्ध करावं लागेल की ह्यानं मुद्दाम घेतलं, आणि बंद खोलीत कोणी काय घेतलं हे कोण सिद्ध करणार. म्हणून ओझं खेळाडूवर टाकलंय. मला हे तत्त्व पटतं. पुढे जे होतं ते मात्र सगळं पटत नाही, त्याकडे येतो.

आणि फिजिओ तुमचा नोकर असतो, पगार तुम्ही देता. वाडाचा मुद्दा नेमका हाच होता, की मुद्दाम घेतलं नाही मान्य, खेळात फायदा झाला नाही तेही मान्य, पण तुझ्या माणसांच्या हलगर्जीपणाची जबाबदारी तुझीच. इटलीत त्या औषधाच्या खोक्यावर डोपिंगचा इशारा छापलेला असतो हो! खेळाडूंबरोबर काम करणाऱ्या माणसाला तो दिसू नये?

इतकंसं औषध सापडून फायदा तरी काय होणार?

सिनरच्या पहिल्या सॅम्पलमध्ये एका मिलीलीटरला ८६ पिकोग्रॅम होतं, म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांशही नाही. त्यानं फोरहँड जोरात बसत नाही. पण सॅम्पल घेतलं त्या दिवशी कमी आहे ह्याचा अर्थ महिन्यापूर्वीही कमीच होतं असा होत नाही. मोठा डोस घेतलेला माणूससुद्धा शेवटी शेवटी एवढाच दाखवणार. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, म्हणून नुसता आकडा बघून कोणी सोडत नाहीत, आणि सोडू पण नये. आणखी एक, आजकालच्या लॅब इतक्या बारीक झाल्यात की पूर्वी जे दिसलंच नसतं ते आता दिसतं. त्यामुळे खरे चोर सापडतात तसे नुसता वास लागलेलेही सापडतात.

मग त्याच औषधासाठी दुसऱ्याला चार वर्षं का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण बहुतेकांना ही दोन नावं माहीतच नसतात.

स्तेफानो बातालिनो. इटालियनच. रँकिंग कायम सातशेच्या पुढे, म्हणजे विमानाचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढणारा खेळाडू. सप्टेंबर २०२२ मध्ये मोरोक्कोत कासाब्लांकाच्या छोट्या स्पर्धेत त्याच्या सॅम्पलमध्ये क्लोस्टेबॉल. त्याचंही म्हणणं मसाजच, स्पर्धेतल्या फिजिओकडून आलं असणार. पण ते तो सिद्ध करू शकला नाही. चार वर्षं. कॅसमध्ये, म्हणजे लोझानच्या क्रीडा लवादात गेला, तिथेही चार वर्षं कायम. करिअर संपलं.

आता लगेच 'बघा, मोठ्याला सोडलं, गरिबाला लटकवलं' म्हणू नका, दुसरं नाव ऐका. मार्को बोर्तोलोत्ती. तोही इटालियन, तोही क्लोस्टेबॉल, ऑक्टोबर २०२३, लिस्बनची चॅलेंजर स्पर्धा. हाही काही मोठा स्टार नाही, तुम्ही नावही ऐकलं नसेल. त्याला 'चूक नाही' म्हणून सोडलं, सिनरसारखंच, त्या स्पर्धेचे पॉइंट आणि पैसे फक्त गेले. म्हणजे नुसतं नाव मोठं असून सुटतं असं नाही.

मग फरक कशानं पडला? औषध कुठून आलं हे दाखवता आलं की नाही, ह्यानं. सिनरकडे स्प्रे विकत घेणारा माणूस होता, बोट कापलेला माणूस होता, दोघं समोर येऊन 'हो, आम्हीच केलं' म्हणाले. बातालिनोकडे एक दुसऱ्याच्या पगारावरचा फिजिओ होता ज्याला ह्याच्यासाठी स्वतःच्या गळ्यात काही अडकवून घ्यायचं कारण नव्हतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की नियम दोघांना सारखाच लागला, पण पुरावा गोळा करायची ताकद सारखी नव्हती. स्वतःचा फिजिओ बरोबर फिरवायला पैसे लागतात, आणि स्वतःचा फिजिओ असला तर तुमच्याकडे साक्षीदार असतो. ही गोष्ट नियमाच्या पुस्तकात कुठेच लिहिलेली नाही.

एक महिना, नऊ महिने, चार वर्षं हे आकडे येतात कुठून?

स्टेरॉइडसारखं औषध असेल तर सुरुवात चार वर्षांपासून. तुम्ही पटवून दिलंत की मुद्दाम नव्हतं, तर दोन. मग म्हणालात की चूक झाली पण फार मोठी नाही आणि तेही पटलं, तर साधारण एक ते दोन वर्षांच्या मधे. सप्लिमेंट किंवा गोळीच भेसळीची होती, लेबलवर नसलेलं काहीतरी आत होतं असं दाखवलं तर नुसत्या समजपत्रापासून दोन वर्षांपर्यंत काहीही. आणि चूक अजिबातच नाही असं ठरलं तर शून्य. खोकल्याच्या औषधातले वगैरे जे पदार्थ चुकून पोटात जाऊ शकतात त्यांची यादी वेगळी, तिथे सुरुवातच दोन वर्षांपासून.

आता बघा, ह्या जिन्यावर प्रत्येक पायरी उतरायला पुरावा लागतो, आणि पहिली पायरी कायम एकच, कुठून आलं. तीच चढता-उतरता आली नाही तर वर चार वर्षांवर अडकलात.

हालेप आणि श्वियाँतेक, दोघींचं भेसळीचंच होतं ना? मग एकीला एक महिना आणि दुसरीचं वाटोळं का?

सिमोना हालेप, २०१८ ची फ्रेंच आणि २०१९ ची विम्बल्डन जिंकलेली. ऑगस्ट २०२२ मध्ये यूएस ओपनला रॉक्साडुस्टॅट सापडलं, रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं औषध. ऑक्टोबरमध्ये तात्पुरती बंदी. ती म्हणाली नवीन कोलॅजनचं सप्लिमेंट सुरू केलं होतं, त्यात भेसळ. सुनावणी जून २०२३ मध्ये, निकाल सप्टेंबरमध्ये, म्हणजे जवळजवळ वर्ष तसंच लटकत. आणि निकाल काय तर चार वर्षं, कारण ट्रायब्युनल म्हणालं भेसळ असेलही, पण सापडलेलं प्रमाण एवढ्यानं होत नाही, शिवाय तिच्या रक्ताच्या जुन्या नोंदींवरूनही एक वेगळा आरोप लावला होता. मग ती कॅसमध्ये गेली आणि ५ मार्च २०२४ ला कॅसनं सांगितलं भेसळच होती, शिक्षा नऊ महिने. नऊ महिने! ते तर ६ जुलै २०२३ लाच संपले होते. म्हणजे बाई सतरा महिने बाहेर बसली, त्यातले आठ महिने कोणत्याही शिक्षेशिवाय. ते परत कोण देणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये तिनं घरच्या प्रेक्षकांसमोर, रोमानियात क्लुजला निवृत्ती घेतली.

आता पोलंडच्या इगा श्वियाँतेकचं बघा, तेव्हाची नंबर वन. १२ ऑगस्ट २०२४ चं सॅम्पल, हृदयाचं औषध ट्रायमेटाझिडीन. १२ सप्टेंबरला तात्पुरती बंदी, ४ ऑक्टोबरला उठली, कारण तेवढ्यात तिनं शोधून काढलं की झोपेसाठी घेत असलेल्या पोलंडमधल्या मेलाटोनिनच्या गोळ्यांमध्ये भेसळ आहे, वाडाच्या मान्यतेच्या दोन लॅबनी तपासणी केली. मेलाटोनिन तिकडे औषध म्हणूनच विकलं जातं, जिममधली पावडर नव्हे, त्यामुळे तिचा दोष सगळ्यात खालच्या टोकाचा धरला. शिक्षा एक महिना, त्यातले २२ दिवस आधीच भोगलेले, उरलेले ८ दिवस सीझन संपल्यावर. सिनसिनाटीच्या सेमीफायनलचे १ लाख ५८ हजार डॉलर गेले, आशियातल्या तीन स्पर्धा हुकल्या, आणि त्याच दिवसांत नंबर वनचं स्थान सबालेंकाकडे गेलं.

हालेपनं तेव्हा जाहीर विचारलं की दोन सारख्या केसमध्ये एवढा फरक का. माझं उत्तर असं की केस अगदी सारख्या नाहीत, औषध आणि सप्लिमेंट ह्यात फरक आहे, प्रमाणातही फरक होता. पण वेळेतला फरक मला पटत नाही. एकीचं तीन आठवड्यांत मार्गी लागलं आणि दुसरीला पहिला निकाल यायलाच अकरा महिने. श्वियाँतेकनं स्वतः सांगितलंय की वकिलाला ७० हजार डॉलर आणि तपासण्यांना १५ हजार युरो गेले. आता हा आकडा बातालिनोसमोर ठेवा.

मग सिनरची तडजोड म्हणजे मांडवलीच ना?

नियमात बसणारी मांडवली म्हणा हवं तर. वाडाच्या कोडमध्ये, म्हणजे नियमांच्या पुस्तकात, खरंच तरतूद आहे की विशेष केसमध्ये दोन्ही बाजूंनी मिळून शिक्षा ठरवायची. आणि वाडाची अडचण पण समजून घ्या, सिनरची भेसळ गोळीतून नव्हती, मसाजमधून होती, म्हणजे मघाच्या जिन्यावर 'थोडी चूक' म्हटलं की किमान एक वर्ष, आणि 'चूक नाही' म्हटलं की शून्य, मधलं काहीच नाही. शून्य त्यांना कमी वाटलं, एक वर्ष जास्त वाटलं. मग मधला रस्ता काढला. कॅसची सुनावणी एप्रिलच्या मध्यावर ठरली होती, ती झालीच नाही.

पण तारखा बघून कोणाच्याही कपाळाला आठ्या पडतील. जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून झालेली, बंदी फेब्रुवारी ते ४ मे, आणि परत येतोय कुठे तर रोमला, घरच्या प्रेक्षकांत, फ्रेंच ओपनच्या आधी. एकही ग्रँड स्लॅम हुकली नाही, नंबर वनही गेला नाही. कायद्यानं सगळं बरोबर असेल हो, पण लग्नाचा मुहूर्त काढावा तशी बंदी काढली असं लोकांना वाटलं तर त्यात लोकांची चूक नाही. किरियॉससारखे बोलणारे बोललेच, पण जोकोविचसारखा माणूससुद्धा म्हणाला की बऱ्याच खेळाडूंना हे न्याय्य वाटत नाही. मला स्वतःला वाटतं कॅसची सुनावणी व्हायला हवी होती. सिनर सुटला असता तरी चाललं असतं, एक वर्ष बसला असता तरी चाललं असतं, निदान पुढच्या फिजिओवाल्या केसला धरायला काहीतरी राहिलं असतं.

पाच महिने कोणाला कळलंच नाही, लपवून का ठेवलं?

लपवलं नाही, जाहीर करायचा नियम लागला नाही. अशा औषधात पॉझिटिव्ह आलं की तात्पुरती बंदी आपोआप लागते. सिनरला लागली, दोनदा, ४ एप्रिलला आणि १७ एप्रिलला. पण दहा दिवसांत अर्ज करून ती उठवता आली तर नाव जाहीर करत नाहीत. त्यानं एकदा एका दिवसात आणि दुसऱ्यांदा तीन दिवसांत उठवली. एका दिवसात! म्हणजे वकील आधीच तयार, कागद तयार. बोर्तोलोत्तीचंही असंच शेवटपर्यंत कोणाला कळलं नव्हतं.

ह्यात एक बाजू अशी की निर्दोष माणसाचं नाव उगाच खराब होऊ नये, आणि ती मला पटते, कारण एकदा 'डोपर' शिक्का बसला की निकाल काहीही लागो तो पुसत नाही. दुसरी बाजू अशी की ज्याला दहा दिवसांत वकील मिळतो त्याचंच नाव वाचतं.

अपील केलं की शिक्षा कमी होते, बरोबर?

बऱ्याचदा, पण त्या भरवशावर राहू नका. शारापोव्हाला मेल्डोनियमसाठी दोन वर्षं होती, १५ महिने झाली. ते औषध ती दहा वर्षं घेत होती, १ जानेवारी २०१६ पासून बंदी आली आणि तिनं नवी यादी वाचलीच नाही, त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियन ओपनला सापडली. मारिन चिलिचचं २०१३ मध्ये ग्लुकोजच्या गोळ्यांवरून झालं, आई मोनाकोमधल्या मेडिकलमधून घेऊन आली आणि त्यात निकेथामाइड हे उत्तेजक निघालं, नऊ महिन्यांचे चार झाले. पुढच्याच वर्षी पठ्ठ्यानं यूएस ओपन जिंकली. २०१८ ला तो पुण्यात बालेवाडीला खेळायला आला होता तेव्हा मी स्टँडमध्ये होतो, आजूबाजूला एकालाही त्या बंदीची आठवण नव्हती, सगळे नुसते त्याच्या सर्व्हिसवर खूश. रिचर्ड गास्के तर २००९ मध्ये कोकेनवरून पूर्णच सुटला, नाइट क्लबमध्ये एका मुलीचं चुंबन घेतलं त्यातून आलं असं त्याचं म्हणणं होतं आणि कॅसनं ते मानलं. हसू नका, प्रमाण खरंच तेवढं कमी होतं.

आता उलट्या केस. सारा एरानी, २०१७, आईचं कॅन्सरचं औषध घरच्या जेवणात पडलं असं म्हणाली, दोन महिने मिळाले. अपील झालं आणि कॅसनं दहा महिने केले. आगीतून फुफाट्यात. (तिनं पुढे २०२४ मध्ये ऑलिंपिक दुहेरीचं सोनं जिंकलं, ते वेगळं.) आणि सगळ्यात वाईट ब्रिटनच्या टारा मूरचं. एप्रिल २०२२ ला बोगोटामध्ये बोल्डेनोन आणि नॅन्ड्रोलोन, दोन्ही स्टेरॉइडच. १९ महिने बाहेर बसली, मग ट्रायब्युनल म्हणालं कोलंबियातल्या मांसातून आलं, तू निर्दोष. ती परत खेळायला लागली. आणि जुलै २०२५ मध्ये कॅसनं तो निकाल फिरवला, चार वर्षं. आधीचे १९ महिने वजा. तिनं घेतलं होतं की नाही मला सांगता येणार नाही, पण एका माणसाला एकाच गोष्टीसाठी आधी शिक्षा, मग सुटका, मग पुन्हा शिक्षा, आणि ह्यात तीन वर्षं, ह्याला कोणी पद्धत म्हणत असेल तर कमाल आहे.

सगळेच म्हणतात चुकून झालं. खोटं कोणी बोलतच नाही का?

बोलतात की! अर्जेंटिनाचा मारियानो पुएर्टा, २००५ ची फ्रेंच ओपन फायनल नदालशी खेळला, तीच नदालची पहिली. त्याच स्पर्धेत एटिलेफ्रीन हे उत्तेजक सापडलं. त्याची ही दुसरी वेळ होती त्यामुळे आठ वर्षं. कॅसमध्ये त्यानं सांगितलं बायकोच्या औषधाचा ग्लास चुकून प्यायलो, कॅसनं मानलं, दोन वर्षं केली. आणि २०२० मध्ये स्वतःच कबूल केलं की ती ग्लासची गोष्ट बनवलेली होती. म्हणून मी कोणाच्याही गोष्टीवर शपथ घेत नाही. अमेरिकेचा वेन ओडेस्निक २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कस्टम्सकडे ग्रोथ हॉर्मोनच्या बाटल्यांसकट सापडला, पुढे २०१५ मध्ये पुन्हा पकडला गेला आणि १५ वर्षांसाठी गेला. म्हणजे खरे चोरही आहेत.

आपली गंमत अशी की आवडता खेळाडू सापडला की ते दूषित गोळी, नावडता सापडला की ते डोपिंग. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

काहीच सापडलं नाही तरी बंदी येते म्हणतात, खरंय?

हो. वरच्या खेळाडूंना रोजचा एक तास सांगून ठेवावा लागतो की ह्या वेळी मी ह्या पत्त्यावर असेन. टेस्टवाला आला आणि तुम्ही नसलात, असं बारा महिन्यांत तीनदा झालं की संपलं. स्वीडनचा मिकाएल इमर ह्यातच १८ महिने अडकला आणि वैतागून त्यानं निवृत्तीच जाहीर केली. अमेरिकेच्या जेन्सन ब्रूक्सबीला पण १८ महिने होते, नंतर १३ झाले. आणि सॅम्पल द्यायला नकार दिला तरी तेच, व्हिक्टर ट्रॉयकीनं २०१३ मध्ये माँटे कार्लोला बरं वाटत नाही म्हणून रक्त दिलं नाही, १८ महिने, कॅसनं १२ केले. शरीरात काहीही न सापडता एक वर्ष, आणि स्टेरॉइड सापडून तीन महिने. कागदावर दोन्हीची कारणं बरोबर आहेत, पण ट्रॉयकीला जाऊन समजावून दाखवा.

सलाइन लावलं म्हणून बंदी? हे काय आता?

आपल्याकडे हे कोणाला पटतच नाही, कारण जरा अशक्तपणा आला की आपण 'डॉक्टर, एक बाटली लावा' म्हणणारी माणसं. पण नियम आहे, हॉस्पिटलमधला खरा उपचार सोडला तर १२ तासांत १०० मिलीलीटरच्या वर शिरेतून काहीही घ्यायचं नाही, साधी व्हिटॅमिन असली तरी. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्स पर्सेलनं डिसेंबर २०२३ मध्ये बालीला व्हिटॅमिनची ड्रिप घेतली, दोनदा, ५०० मिलीलीटरच्या वर. शिक्षा १८ महिने. विम्बल्डन आणि यूएस ओपन दुहेरीचा विजेता हा. कारण असं की अशा ड्रिपनं रक्त पातळ करून बाकीचं लपवता येतं. तरी पण १८ महिने मला जास्तच वाटतात.

कोकेनला काय शिक्षा असते?

काळावर आहे. मार्टिना हिंगिसला २००७ च्या विम्बल्डनसाठी दोन वर्षं मिळाली, तिनं तेव्हाच रॅकेट ठेवली. (परत आली म्हणून बरं, नाहीतर सानिया आणि पेसबरोबरच्या त्या सगळ्या ट्रॉफ्या आपण कुठे बघितल्या असत्या.) डॅन इव्हान्सला २०१७ मध्ये एक वर्ष. २०२१ पासून नियम बदलला, खेळाशी संबंध नाही, स्पर्धेबाहेर घेतलं असं दाखवलं तर तीन महिने, आणि उपचार घेतले तर एकच महिना. हा बदल मला शहाणपणाचा वाटतो, व्यसन असलेल्या माणसाला चोराच्या रांगेत कशाला उभं करायचं.

बंदीत प्रॅक्टिस तरी करता येते का?

घरच्या कोर्टवर करा, पण फेडरेशनशी जोडलेल्या क्लबात किंवा स्पर्धेच्या ठिकाणी नाही. शेवटचे दोन महिने किंवा शिक्षेचा शेवटचा पाव भाग, ह्यातलं जे कमी असेल तेवढ्यात अधिकृत सराव चालतो. सिनरला म्हणून १३ एप्रिलपासून परवानगी मिळाली.

आपल्याकडे काय परिस्थिती?

टेनिसपेक्षा बाकीचेच खेळ जास्त. २०२३ मध्ये भारतात ५,६०६ सॅम्पल तपासली, ३.८ टक्के पॉझिटिव्ह, मोठ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात वाईट. आणि न्यायाचा प्रश्न आपल्याला नवा नाहीच. मुंबईचा पृथ्वी शॉ, २०१९, खोकल्याच्या सिरपमधलं टर्ब्युटॅलीन, आठ महिने. पण जाहीर केलं ३० जुलैला आणि शिक्षा मोजली १६ मार्चपासून, म्हणजे निम्मी तर कोणाला कळायच्या आत संपली, त्या काळात गडी आयपीएल खेळून मोकळा.

आणि नरसिंग यादव, तीन वेळचा महाराष्ट्र केसरी. २०१६, रिओच्या तोंडावर स्टेरॉइड सापडलं, तो म्हणाला कोणीतरी खाण्यापिण्यात मिसळलं. १ ऑगस्टला नाडानं, म्हणजे आपल्या देशातल्या संस्थेनं, सोडलं. वाडानं अपील केलं आणि १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, कॅसनं रिओतच चार वर्षं दिली. कट झाला हे सिद्ध करता आलं नाही. सिनरच्या वेळी वाडानं अपील केलं तेव्हा मला पहिल्यांदा नरसिंगच आठवला. त्याच्या वाट्याला तडजोड काही आली नाही.

मुलगी ज्युनियर टेनिस खेळते, आम्ही काय काळजी घ्यायची?

आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धा खेळणार असेल तर हेच सगळे नियम तिलाही लागतात, वय विचारत नाहीत. डॉक्टरांना आधी सांगा की मुलगी खेळाडू आहे, औषध यादीत तपासून लिहा. खरंच गरजेचं औषध असेल, दम्याचं वगैरे, तर परवानगी आधी काढायची असते, सापडल्यावर नाही. पावडर शक्यतो नकोच, माझ्या भाच्याला एका अकॅडमीत कोचनं बिनलेबलच्या डब्यातून काहीतरी ढवळून दिलं होतं, विचारलं तर म्हणे 'सगळेच घेतात'. त्या दिवसापासून त्याची आई एक वही ठेवते, काय घेतलं, कुठल्या दुकानातून, बॅच नंबर काय, बिल चिकटवलेलं, आणि प्रत्येक गोष्टीचा एक न फोडलेला डबा माळ्यावर. आम्ही सगळे तिला हसलो होतो. श्वियाँतेकचं वाचल्यावर मी तिला फोन करून सांगितलं की तो माळा आवरू नकोस.